लांबची खुंटी

गिरीज गावात पॉलिनचं घर विचारलं, तर लोक हाताने दिशा दाखवत नसत. म्हणत, "विहिरीपर्यंत जा आणि कान दे." विहिरीपाशी केळीची बाग संपते. तिथे उभं राहिलं की कुठूनतरी एखादी तार छेडल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा जरासा चढून यायचा. त्या आवाजामागे गेलं की कौलारू घराची मागची पडवी, पडवीत लाकडी बाक आणि बाकाशी पॉलिन. तिचा बाप व्हायोलिनं दुरुस्त करायचा. मुलगा नव्हता म्हणून त्याने आपला हुन्नर पोरीला दिला, आणि पोरीने लग्न केलं नाही म्हणून तो हुन्नर घरातच राहिला.

छप्पन्न वर्षांची बाई. आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागे. तिचा एक नेम होता. रोज दुपारी तीनला, येशूने क्रुसावर प्राण सोडला त्या घटकेला, हातातलं हत्यार खाली ठेवायचं, डोळे मिटायचे आणि जपमाळ पुरी झाल्याशिवाय उघडायचे नाहीत. बावीस वर्षांत नेम मोडला नव्हता. चर्चच्या गायनमंडळाचा सॅन्टन मास्तर चिडवायचा, "तीन वाजता तुझं घर लुटून नेलं तरी तुला साडेतीनला कळेल, पॉलिन."

२००३ सालचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. एका सकाळी डायना आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या सालोमीची ती मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. खांद्याला गिटारीची काळी पिशवी, आणि डाव्या गालावर चिकटपट्टी.

"आंटी, हिची पहिली तार तुटते."

"तारा तुटतातच, बाय."

"रोज?"

पॉलिनने मान वर केली.

डायनाने पिशवीतून गिटार काढली. लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार, सहाही खुंट्या डोक्याच्या एकाच कडेला ओळीने. जीव लावून जपलेली दिसत होती. पण सर्वांत बारीक तार, जिला पहिली म्हणतात, ती जागेवर नव्हती. तिचा कुरळा तुकडा तेवढा सर्वांत लांबच्या खुंटीला लोंबत होता.

"डिलनची ना ही?"

"हो."

डिलन हा डायनाचा थोरला भाऊ. कामणच्या एका गोदामात पहिल्या पाळीला होता. अडीचला घरी यायचा, जेवायचा, आणि तीनच्या ठोक्याला गिटार घेऊन बसायचा. गेल्या एप्रिलमध्ये भिवंडी रोडवर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. चोवीस वर्षांचा होता. पॉलिनने त्याला हेल्मेटमध्येच काय तो पाहिला होता. त्याचं वाजवणं सगळं विरारकडच्या ऑर्केस्ट्रात, देवळात, गायनमंडळाबरोबर, तो कधी वाजवायला बसला नाही.

"पाच एप्रिलला त्याच्या वर्षाची मिस्सा आहे," डायना म्हणाली. "प्रसादाच्या वेळी एक गाणं मी वाजवणार, ह्याच गिटारीवर. सॅन्टन सर हो म्हणाले. म्हणाले, उपवासकाळ आहे, आवाज बारीक ठेव, वटवाघळं उडवू नको."

"तारेने गाल कापला?"

"परवा. तोंडाजवळ नेऊन बघत होते."  मग एका दमात बोलून गेली, "आंटी, तो मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, तू धरलीस की तार तुटेल. आम्ही त्या सकाळी ह्याच्यावरनंच भांडलो. मी बाय पण नाय केलं त्याला. आणि आता मी रोज तार लावते आणि रोज तुटते. एकच. मी काय समजायचं?"

 पॉलिनने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि मानेच्या टोकाशी बोट फिरवलं. तिथे हाडाची बारीक पट्टी असते. तिच्या सहा खाचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला अरुंद. इथे उलट होतं. जाड तार अरुंद खाचेत चेपून बसली होती आणि बारीक तारेची खाच एवढी रुंद की तार तिच्यात इकडून तिकडे घसरत असणार.

"डावखुरा होता का?"

"हो. त्याने सगळ्या तारा उलट्या लावल्या होत्या. मी सरळ केल्या."

"तारा सरळ केल्यास, खाचा तशाच राहिल्या. सूर कसा टिकणार? जाड तार अडकून बसते, मग एकदम सुटते." पॉलिनने गिटारीचं खालचं टोक उजेडाकडे केलं. जिथे तार लोखंडावरून वाकते तिथे नखाला लागेल न लागेल असा एक काटा उठला होता. "आणि हे बघ. इथे घासून तुटते. भाऊ नाही तोडत, लोखंड तोडतं."

डायनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने चिकटपट्टीच्या बाजूने पुसलं आणि स्वतःच चरकली.

पॉलिनने तीन दिवस काम केलं. बापाच्या डब्यातली हाडाची जुनी पट्टी कापून घासली, सुईसारख्या कानशीने तिला सहा खाचा पाडल्या, खाचांत शिसपेन्सिलीची भुकटी भरली, म्हणजे तार सहज सरकावी. खालचा काटा पॉलिश पेपरने मोडून काढला. नव्या तारा चढवल्या. बारीक तारेला खुंटीभोवती बरोबर तीन वेढे दिले, एकाखाली एक, बापाने शिकवल्यासारखे. सगळ्या तारा बोटांनी ओढून ताणून घेतल्या, पुन्हा सुरात लावल्या. चौथ्या दिवशी सकाळी छेडली तर केसाचाही फरक नव्हता. तिने डायनाला निरोप पाठवला. डायना लगेच येऊन गिटार घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी डायना परत आली. पायरीवर उभी राहिली, पडवीत चढली नाही.

"तुटली."

पॉलिनने तुटकी तार पाहिली. ह्या वेळी ती खाली लोखंडाशी तुटलेली नव्हती. तुटली होती खुंटीपाशी, आणि खुंटीभोवती पाच वेढे होते. तिने पुन्हा मोजले. पाच.

"तू पिळलीस का ही?"

"मी हातच लावला नाही. आणली आणि त्याच्या खोलीत स्टँडवर ठेवली."

"किती वाजता तुटली?"

"दुपारी. मी झोपले होते. आई म्हणाली, तुटली."

"आई कुठे होती?"

"त्याच्याच खोलीत."

पॉलिनला वाटलं, हेच असेल. दुःखाने माणूस काय काय करतं. सालोमी त्या खोलीत बसत असेल, हाताला चाळा म्हणून खुंटी पिरगळत असेल, तिचं तिलाही कळत नसेल. ती डायनाला तसं काही बोलली नाही. तिने नवी तार लावली, तीन वेढे दिले, आणि ह्या वेळी गिटार आपल्याच घरी ठेवून घेतली. आठवडा गेला. तार तुटली नाही, उतरलीही नाही. मग ती स्वतः गिटार घेऊन सालोमीच्या घरी गेली. मिस्सेला सहा दिवस उरले होते.

सालोमीचं घर वाडीच्या कडेला, पुढे वांग्याचे वाफे, मागे नारळी. डिलनची खोली मागच्या बाजूला. खोलीत पलंग, त्यावर ताणून घातलेली चादर, भिंतीला मारियामातेची तसबीर, खिडकीशी गिटारीचं स्टँड. आणि स्टँडसमोर एक खुर्ची. खुर्चीच्या पायांनी फरशीवर चार पांढरट खुणा पाडल्या होत्या, इतकी ती रोज एकाच जागी ठेवली जात होती.

"तू बसतेस इथे?" पॉलिनने विचारलं.

"बसते," सालोमी म्हणाली. सालोमी पूर्वी बडबडी बाई. बाजारात भाजी विकायला बसली की तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा. आता ती शब्द मोजून देई. "बस तू पण. तीन वाजत आलेत."

पॉलिनचा हात आपोआप जपमाळेकडे गेला. दारात डायना उभी होती. त्या काळी रोजच्या भारनियमनात तीनला वीज जायची. पंखा मंदावला, पाती एक एक करून दिसायला लागली, आणि पंखा थांबल्यावर खोली एवढी शांत झाली की मागे नारळावरून झावळीचं सुकं पातं सुटल्याचा आवाज ऐकू आला.

बावीस वर्षांत पहिल्यांदा पॉलिनने डोळे उघडे ठेवून प्रार्थना सुरू केली. मनातल्या मनात तिने येशूची क्षमा मागितली.

पहिल्या दहा मण्यांपर्यंत काही झालं नाही. मग जाड तार वाजली. सहावी. कुणी छेडलेली दिसली नाही. तार थरथरताना दिसली तेवढी. दुपारच्या उष्म्याने ती जराशी उतरली होती. पॉलिनच्या कानाला ते लगेच कळलं. पुन्हा वाजली. आणि लांबच्या टोकाची खुंटी, बारीक तारेची, फिरली.

हातभर अंतरावरून पॉलिन बघत होती. खुंटी सावकाश, जाणत्या हाताने फिरवावी तशी पाव फेरा फिरली. मग जाड तार वाजली. तिचा सूर तसाच होता, उतरलेला. खुंटी पुन्हा पाव फेरा. पुन्हा जाड तार. पुन्हा तोच सूर. पुन्हा पाव फेरा. बारीक तार चढत चालली होती. तिच्यातून आता डासासारखा आवाज निघायला लागला होता. छेडत मात्र कुणी तिला नव्हतं. वाजत होती जाड, फिरत होती बारकीची खुंटी.

"आता तुटेल," सालोमी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. कुकरची शिट्टी होईल म्हणावं तसं ती म्हणाली.

डायनाने दाराची चौकट धरली. "बघा ना आंटी. बघा कसा करतो. नको आहे त्याला मी."

पॉलिन त्या खुंटीकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला ते दिसलं. आयुष्यभर ती हेच बघत आली होती. कुणी शिकाऊ पोर वाद्य घेऊन यायचं, म्हणायचं, मी एवढी पिळतो तरी सूर चढत नाही. आणि बघावं तर ते एक तार छेडतंय आणि दुसरीचीच खुंटी पिळतंय. डिलन डावखुरा होता. त्याच्या हातची गिटार उलटी. त्याची जाड तार लांबच्या खुंटीला असायची. तो रोज तीनला येत होता, जाड तार उतरलेली ऐकत होता, आणि हात जिथे जायची सवय तिथे जात होता. तिथे आता दुसरी तार होती, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात ती तीस वर्षं पोरांना सांगत आली होती, मेलेल्यांसाठी बोलायचं, मेलेल्यांशी बोलायचं नाही. त्यांच्यासाठी मिस्सा आहे, प्रार्थना आहे. त्यापलीकडे गेलं तर दार कुठलं उघडतं ते आपल्याला ठाऊक नसतं. हातातला मणी तिने घट्ट धरला. खुंटी आणखी पाव फेरा फिरली. दारात पोरीचा श्वास वाजत होता.

"डिलन," पॉलिन म्हणाली. शिकाऊ पोराला सांगावं इतक्याच हळू आवाजात. "ती नव्हे, बाळा. तारा बदलल्यात. डायनाने आपल्या हाताच्या केल्यात. जाड तारेची खुंटी आता जवळची, मानेला लागून आहे ती."

खुंटी थांबली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सालोमीने पदर तोंडावर घेतला होता. मग लांबची खुंटी उलटी फिरली, एक, दोन, तीन, चार पाव फेरे, मोजून. बारीक तारेचा तो डासासारखा आवाज खाली आला आणि विरला. पुन्हा सगळं शांत. आणि मग मानेला लागून असलेली खुंटी, जवळची, केसभर हलली. बिचकत, अंधारात पायरी चाचपावी तशी. जाड तार वाजली. जरा चढली होती. खुंटी आणखी हलली. तार वाजली. सूर लागला.

डायना दारातच खाली बसली. "म्हणजे तो रागावला नव्हता," ती म्हणाली.

"चुकत होता," पॉलिन म्हणाली. "माणूस चुकतं."

त्या दिवसापासून तार तुटली नाही. डायना रोज संध्याकाळी सराव करायची आणि तिला गिटार लावावी लागत नसे. ती लागलेलीच असायची. हे तिने कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. पॉलिनला सांगितलं, तेव्हा हसतही होती आणि अंगावरचा काटाही चोळत होती. पॉलिनला मात्र झोप लागेना. तिने उरलेल्या दिवसांत फक्त पेजेवर उपवास धरला. आपण पोरीचं भलं केलं, की सुटायला निघालेल्या एका जिवाला काम देऊन थांबवलं, हे तिचं तिला ठरवता येईना.

शनिवारी सकाळी मिस्सा झाली. नातेवाईक, शेजारी, गोदामातली चार पोरं, सगळे आले होते. प्रसादाच्या वेळी डायनाने वाजवलं. आवाज बारीकच ठेवला होता. चांगलं वाजवलं. फार चांगलं नाही. दोन ठिकाणी बोट अडखळलं, एकदा ती घाईत पुढे गेली. पण एकही तार बेसूर झाली नाही. ती डोळे मिटून वाजवत होती आणि गालावरची ती बारीक रेघ उजेडात दिसत होती. सॅन्टन मास्तरने नंतर पॉलिनच्या कानाशी येऊन म्हटलं, "तुझं काम पक्कं हो. एवढ्या उकाड्यात माझं व्हायोलिन दोनदा उतरलं."  मिस्सेनंतर सगळे कबरीवर गेले, फादरांनी पाणी शिंपडलं. डायना कबरीपाशी वाकली आणि वर्षभर राहिलेलं बाय म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही.

सोमवारी दुपारी सालोमीचा निरोप आला. लगेच ये.

पॉलिन पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. डायना कॉलेजात होती. पंखा थांबलेला, खुर्ची तिच्या चार खुणांवर, आणि खुर्चीत सालोमी.

"काल आला नाही," सालोमी म्हणाली. "शनिवारी मिस्सेवरनं आलो, तेव्हा पण नाही. आज पण अजून नाही. जाड तार उतरलीय बघ, मला सुद्धा कळतंय."

पॉलिनने तार छेडली. उतरली होती, दोन दिवस न लावलेल्या कुठल्याही तारेसारखी.

"त्या दिवशी बोललीस ना त्याच्याशी, तसं बोल. तुझं ऐकतो तो."

"सालोमी, आपण त्याच्या शांतीसाठी मिस्सा दिली."

"मग? शांतीत असला म्हणून काय आईकडे यायचं नाही?" सालोमीने तिचा हात धरला. पूर्वीची, बाजारातली पकड होती. "इतके दिवस तार तोडत होता तेव्हा मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, तोडू दे, येतो तरी. तू त्याला शिकवलंस. आता हाक मार."

पॉलिनच्या ओठावर नाव आलं होतं. तीन अक्षरांचं नाव, आणि ते उच्चारलं की काय होईल हे तिला आता माहीत होतं. तिने ते गिळलं. जपमाळ काढली आणि मृतांसाठीची प्रार्थना मोठ्याने म्हणायला लागली. सालोमीने प्रतिसाद दिला नाही. ती खुंट्यांकडे बघत राहिली.

प्रार्थना अर्ध्यावर असताना जवळची खुंटी फिरली.

सालोमी पुढे वाकली. खुंटी उलट्या बाजूला फिरत होती. जाड तार खाली खाली उतरली, तिचा सूर घोगरा झाला आणि मग नाहीसाच झाला. नंतर तिच्या शेजारची खुंटी. मग तिसरी. घाई नव्हती, चूकही होत नव्हती. एक एक तार सैल होऊन मानेवर लोळायला लागली. शेवटी लांबची, बारकीची. तिला सर्वांत जास्त वेळ लागला.

पॉलिनची प्रार्थना तोंडातच थांबली होती. वाद्य खूप दिवस पडून राहणार असेल तर वाजवणारा जाण्यापूर्वी सगळ्या तारा ढिल्या करतो, नाहीतर ताणाने मान वाकते. तिच्या बापाने आजारपणात अंथरूण धरायच्या आदल्या दिवशी आपल्या व्हायोलिनचं असंच केलं होतं. हे कारागिरांना ठाऊक असतं. वांगी पिकवणाऱ्या बाईला कुठून ठाऊक असणार?

"बघ," सालोमी म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा उघडला होता. "आला की नाही? उगाच घाबरले मी. तारा बदलायच्या असतील त्याला. उद्या लावील नव्याने."

सहा सैल तारा पूर्ण स्थिर झाल्या होत्या. पॉलिनने त्यांच्याकडे पाहिलं, मग सालोमीकडे.

"तू येशील ना उद्या?" सालोमीने विचारलं. "तीनला. दुसरी खुर्ची काढून ठेवते."

"येईन," पॉलिन म्हणाली.